दारीका बरी झाली, म्हणजे गप्प झाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विज्ञान परिषदेचे प्रमुख माननीय कादिरबेक आगाय. दोलोन घाटातल्या बर्फातून वाट काढत राजधानीहून आलेले मंत्रालयाचे पाहुणे. ज्यांच्या खांद्यांवर आत्ताच मखमली चापान आणि मस्तकावर पांढराशुभ्र कल्पाक चढवला गेला, ते सत्कारमूर्ती प्राध्यापक शार्शेनबेक आगाय. त्यांचे पुतणे आणि उद्या सकाळपासून बालवाचा संशोधन केंद्राचे संचालक होणारे चिरंजीव एल्दियार. व्यासपीठावर जागा न पुरल्यामुळे पहिल्या रांगेत बसवलेले, आणि म्हणून जरासे रुसलेले मान्यवर. आणि नारीनच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी बुरुल. जिल्हा दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत, लहान मुलांच्या बोलण्यावर उपचार करते. इथल्या पुष्कळ जणांची मुलं माझ्या खोलीतून गेलेली आहेत, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नव्हती. पण सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'आगायांची शिष्या' अशी करून दिली, म्हणून सांगावं लागतंय. गुरुजींना म्हणावं तसं मीही त्यांना 'आगाय' म्हणते, पण मी त्यांची शिष्या नाही. कधीच नव्हते.

मग मी इथं कशी? तर गेल्या आठवड्यात खुद्द आगायांचा फोन आला. म्हणाले, "बुरुल, आता तरी राग सोड. शेवटचा कार्यक्रम आहे. येऊन दोन चांगले शब्द बोल. लोकांना दिसू दे की माझ्या मनात काही नाही."

मी म्हटलं, "आगाय, माझ्या मनात आहे."

ते हसले. म्हणाले, "तुझ्या मनातलं कोणाला ऐकायचंय? पाच मिनिटं मिळतील."

तर त्या पाच मिनिटांसाठी मी त्यांची मनापासून आभारी आहे. दोन चांगले शब्द आधी बोलून टाकते, नंतर राहून जायला नकोत. शार्शेनबेक आगायांचा आवाज सुंदर आहे. तो आवाज ऐकला की मूल त्यांच्याकडे बघत राहतं. आणि त्यांच्याआधी या डोंगरांमध्ये तोतऱ्या पोराकडे उपचाराच्या नजरेनं कोणी बघतच नव्हतं. लोक म्हणायचे, लहानपणी कुत्र्याला घाबरला असेल, आणि मुल्लाकडून ताईत आणायचे. आगायांनी सांगितलं की हा अभ्यासाचा विषय आहे. हे खरं आहे, आणि हे मी कोणापुढेही सांगेन. झाले चांगले शब्द.

आता अभ्यासाकडे वळू या. कारण सकाळपासून पाच वक्ते झाले, आणि पाचही जणांनी 'आगायांची पद्धत', 'आगायांचं जगन्मान्य संशोधन' असं म्हटलं. पण ती पद्धत काय, हे कोणीच सांगितलं नाही. मंत्रालयाच्या पाहुण्यांना कुतूहल वाटलं नसेल का?

पद्धत अशी. मुलांना नदीकाठच्या आरोग्यधामात ठेवायचं. तिथं पंधरा दिवस एक शब्द बोलू द्यायचा नाही. तहान लागली तर खुणेनं सांगायचं, पोट दुखलं तर खुणेनं. छातीवर निळी फीत, म्हणजे चुकून कोणी बोलायला जाऊ नये. मग एके दिवशी संस्कृती भवनाच्या रंगमंचावर आणायचं. समोर शेकडो माणसं, आई-बाप पहिल्या रांगेत, डोळ्यांवर दिवा. आगाय पांढरा कोट घालून येतात, मुलाच्या कपाळावर हात ठेवतात, हनुवटीखाली अंगठा दाबतात आणि त्या सुंदर आवाजात म्हणतात, "आता तू बोलणार. बोल!"

आणि मूल बोलतं. न अडखळता बोलतं. मी स्वतः पाहिलंय. लोक ओक्साबोक्शी रडतात.

यात फसवणूक नाही, हेही सांगते. पंधरा दिवस दाबून धरलेलं बोलणं, पुढे एवढा जमाव, एवढा धक्का. अशा वेळी तोतरेपणा काही काळ खरंच मागे सरकतो. गाताना सरकतो, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना सरकतो, तसाच. प्रश्न एवढाच, की तो परत कधी येतो आणि परत आल्यावर त्या मुलाजवळ कोण असतं? आगायांचं संशोधन त्या संध्याकाळी टाळ्या थांबल्या की संपायचं. माझ्या खोलीचं काम तिथून सुरू व्हायचं.

मी एकाच मुलीचं सांगते. दारीका. तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "सांगा, पण मी बोलते तसं बोलून दाखवा, नाहीतर लोकांना वाटेल दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे." तेव्हा मधे मधे मी अडखळले, तर ती माझी चूक नाही, तिची अट आहे.

आपला देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तेव्हाची गोष्ट. दारीका नऊ वर्षांची. आई साल्किन, नवरा वारलेला, दिराच्या मेंढ्यांबरोबर उन्हाळाभर वरच्या कुरणात राहायची. मायलेकी रस्त्याच्या कडेला कुरूत, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, विकायला बसायच्या. पोर तोतरी, आणि तरीही अखंड बडबडी. ट्रकवाला थांबला आणि म्हणाला, "कुरूत खारट आहे," की ही सुरू. "ख-ख-खारट नाही, तु-तु-तुमचं तोंड क-कडू आहे!" वाक्य पुरं होईपर्यंत ट्रकवाला बिचारा उभाच. निघून जावं तरी पंचाईत, थांबावं तरी बोलणी खायची. शेवटी घ्यायचा आणि जायचा. काकूशी भांडायची, मास्तरांना उलट प्रश्न विचारायची, कुत्र्यालासुद्धा कारणं सांगून रागवायची. या मुलीला आजार होता असं म्हणायचं असेल तर म्हणा. तिला स्वतःला तसं वाटत नव्हतं.

काकूला वाटत होतं. काकू म्हणाली, "उद्या हिला कोण करून घेणार? तो प्राध्यापक एका दिवसात बरं करतो म्हणे." म्हणून साल्किननं तिला आणलं.

तेव्हाही संस्कृती भवन असंच भरलं होतं. दारीकाला मधोमध उभं केलं, "बोल!" झालं, आणि पोरीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "मी दारीका. मी आता नीट बोलते." साल्किन धावत वर गेली आणि आगायांच्या हाताचं चुंबन घेतलं. तो फोटो आगायांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. बाहेरच्या टेबलावर आज ते पुस्तक विकायला ठेवलंय, जाताना जरूर बघा.

गावी परतल्यावर दिरानं मेंढा कापला. सगळं गोत जमलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, पोरीनंच सगळ्यांसाठी दुवा मागावी. तिनं मागितली. एकदाही अडखळली नाही. बायकांनी तिच्या डोक्यावरून मिठाई उधळली.

आणि मग थोड्याच दिवसांनी, सकाळी, ती अंगणात कुत्र्याला हाक मारायला गेली आणि पहिलं अक्षर घशातच अडकलं. जुनाच अडथळा, जुनीच जागा. आई चुलीपाशी होती. आईनं ऐकलं.

काय केलं असेल आईनं? मारलं? रागावली? काहीच नाही. साल्किननं फक्त मान वळवून पाहिलं, पलीकडच्या घरात जाऊबाईंनी ऐकलं तर नाही ना!

एवढंच. दारीकानं ती वळलेली मान पाहिली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मला 'एजे' म्हणत तिनं फार वर्षांनी सांगितलं, "ए-एजे, त्या दिवशी म-मला कळलं, आता मी बो-बोलले तर आईचा मेंढा फु-फुकट जाईल." नऊ वर्षांची पोर. तिनं बोलणं बंद केलं. हळूहळू नाही, दार लावून घ्यावं तसं. मान हलवायची, हसायची, खांदे उडवायची. शाळेत मास्तर खूश, फार शहाणी झाली म्हणाले. काकू खूश. ट्रकवाले तर सगळ्यात खूश असणार.

पुढच्या उन्हाळ्यात आगायांचं पथक पाहणीला गेलं. संशोधनात पाहणी लागतेच. पथकातल्या तरुणानं विचारलं, "आता अडखळतेस का?" दारीकानं मान हलवली, नाही. आई म्हणाली, "नाही हो, आगायांच्या कृपेनं." तरुणानं नोंद केली: पूर्ण आणि टिकाऊ सुधारणा. खोटी नोंद नव्हती. तोतरेपणाचं एकही चिन्ह आढळलं नाही, हे अगदी खरं. आढळणार कुठून? मुलगी बोलतच नव्हती!

काय, एल्दियार? … हो, ऐकू आलं मला. "एका केसवरून निष्कर्ष काढता येत नाही." बरोबर आहे, बाळा. तू तेव्हा शाळेत होतास, म्हणून तुला माहीत नाही. मी एका केसवर थांबले नव्हते. त्या मंचावरून 'बरी' होऊन गेलेल्या मुलांच्या घरी गेले. बसनं गेले, घोड्यावरून गेले, अत-बाशीच्या पलीकडे चिखलात बूट सोडून गेले. बहुतेक मुलं पुन्हा पूर्वीसारखीच अडखळत होती, फक्त आता लाजून. काही थोडी खरोखर मोकळी झाली होती. तीही मी मोजली, लपवली नाहीत. आणि काही दारीकासारखी होती.

हे सगळं मी विज्ञान परिषदेपुढे ठेवलं. कादिरबेक आगाय, तुम्ही तेव्हा परिषदेचे सचिव होता, तुम्हाला आठवत असेल. मी बोलून झाल्यावर शार्शेनबेक आगाय उठले. आकडे चुकीचे, असं नाही म्हणाले. म्हणाले, "बुरुलबाईंच्या चेहऱ्याकडे बघून कोणीही अडखळेल."

सभागृह हसलं. त्यातले तिघे-चौघे आजही इथं आहेत, मला दिसताहेत. संकोच नको. हसायचं असेल तर आजही हसा, चेहरा तोच आहे.

माझा निबंध परत आला. का, ते कोणी सांगितलं नाही. पण मुलांच्या आई-बापांना मात्र एक गोष्ट व्यवस्थित सांगितली गेली, की त्या जिन्याखालच्या बाईकडे जाऊ नका. ते मला कसं कळलं? साल्किनकडून.

दारीका तेव्हा चौदाची झाली होती. एके दिवशी माझ्या खोलीचं दार उघडलं, दारात साल्किन. डोक्याला रुमाल, गाल उन्हानं तडकलेले, हातात मुलीचं मनगट घट्ट धरलेलं.

"एजे, त्या बिघडवणाऱ्या डॉक्टरीणबाई तुम्हीच का?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं असं?"

"आगाय म्हणाले. म्हणाले, बरी झालेली पोरं ती बाई बिघडवून ठेवते."

"मग माझ्याकडे कशाला आणलंत?"

"बिघडवायलाच आणलंय," साल्किन म्हणाली. आणि मग ती खाली बसली, त्या पोरांच्या छोट्या खुर्चीवर, आणि म्हणाली, "घरात दोन माणसं आहोत. पाच वर्षं मी भिंतीशी बोलते. पूर्वी ही तोंड बंद ठेवत नव्हती, मी म्हणायचे गप्प बस गं बाई. आता झोपेत काही पुटपुटते का म्हणून उठून कान लावते. मला बरी झालेली नको. माझी तोतरी पोर मला परत द्या."

आगाय, तुमच्या पुस्तकात कुठं आहे हे वाक्य? तुम्ही एकदा तरी त्यांच्या चुलीपाशी बसला असतात तर ते तुम्हाला फुकट मिळालं असतं.

… घंटा ऐकली, अध्यक्षमहाराज. माझ्या आधीचे वक्ते आगायांच्या घोड्यांबद्दल अर्धा तास बोलले, तेव्हा ही घंटा बहुधा सापडत नव्हती. थोडंच राहिलंय.

दारीकाला माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं. हिवाळाभर ती माझ्याकडे पाठ करून बसली. मीही फार बोलले नाही. शेवटी वसंतात मी तिला एकच सांगितलं: अडखळणं लपवायला तू जेवढा जोर लावतेस, तेवढा जोर तर अडखळायलाही लागत नाही. चल, बाजारात जाऊ आणि मुद्दाम अडखळू. आधी मी. आणि मी भर बाजारात गाजरं मागितली, ग-ग-ग करत. गाजरवाल्यानं माझ्याकडे बघितलं, वजन केलं, गाजरं दिली. आभाळ कोसळलं नाही.

मग साल्किन पुढे झाली. मी तिला सांगितलं नव्हतं. ती सरळ तंदूरवालीकडे गेली. तंदूरवाली तिला लहानपणापासून ओळखणारी. साल्किन तिच्यापुढे उभी राहिली आणि अंडं घालणाऱ्या कोंबडीसारखी मान पुढे-मागे करत म्हणाली, "न-न-न-न-नान! न-न-नान दे!"

तंदूरवालीनं हातातली सळई खाली ठेवली. "साल्किन! अगं, काय होतंय तुला? झटका आला का? कोणी पाणी आणा रे!"

साल्किन थांबेना. "द-द-द-दोन! द-द-दोन नान!"

आणि माझ्या मागून आवाज आला. पाच वर्षं गंजलेला, जाड, बाईसारखा झालेला आवाज. "आ-आ-आई! पु-पुरे! अ-असं कु-कुणी तोतरं ब-बोलतं का? तु-तुला त-तेही नीट ये-येत नाही!"

साल्किन वळली. या वेळी तिनं आजूबाजूला पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं. म्हणाली, "मग तू शिकव."

तंदूरवाली म्हणाली, "कळलं. मायलेकी मिळून भाव पाडायला आल्यात." आणि डोळे पुसत पुसत, भाव न पाडता, दोन नान दिले.

दारीका आजही तोतरी आहे. मी तिला बरं केलं नाही. मला तसं करता येत नाही, आणि जो म्हणतो मला येतं, त्याच्यापासून मी मुलांना लांब ठेवते. पण ती बोलते. तुम्ही सगळ्यांनी तिला ऐकलंय. बस स्थानकाच्या भोंग्यावर "का-का-काराकोलची गाडी सु-सुटते आहे" असं जी म्हणते, ती दारीका. ड्रायव्हर तिला चिडवतात, "दारीका, लवकर आटप, घाटात बर्फ पडायच्या आत!" ती भोंग्यावरूनच सांगते, "तु-तुझी गाडी तशीही घ-घाटात बंद पडणार, त-तुला कसली घाई?" अख्खं स्थानक हसतं. ड्रायव्हरवर हसतं.

अरेच्चा, माइक गेला वाटतं. एल्दियार, ती वायर तुझ्या पायाखाली आहे. … राहू दे, राहू दे. माझा आवाज आगायांसारखा सुंदर नसला तरी मोठा आहे. मागे ऐकू येतंय ना?

आता ज्याच्यासाठी मी खरोखर आले, ते बोलते. तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलंय: 'चहापानानंतर सत्कारमूर्तींचे निरोपाचे सत्र, बालकांवरील प्रात्यक्षिक.' आणि डावीकडच्या रांगांमध्ये सात-आठ मुलं बसली आहेत, छातीवर निळ्या फिती लावून. पंधरा दिवस बोललेली नाहीत. सकाळपासून सगळी भाषणं त्यांनी ऐकली, बिचाऱ्यांनी खोकलासुद्धा दाबून धरला. त्यांच्या मागे त्यांच्या आया आहेत. आगायांना निरोपाची भेट म्हणून चापान दिला, कल्पाक दिला, घोडाही दिला असं ऐकते. तेवढं पुरे नाही का? पोरंही द्यायला हवीत?

आयांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आज संध्याकाळी तुमची मुलं या मंचावर सुंदर बोलतील. तुम्ही रडाल. मेंढा कापाल. आणि मग एका सकाळी अंगणात पहिलं अक्षर अडकेल. त्या सकाळी तुमची मान कुठं वळेल, ते आत्ताच ठरवून ठेवा. नाहीतर चहा होण्याआधी कोट घाला आणि पोरांना घरी न्या. सोमवारी माझी खोली उघडी असते. तिथं दिवा नाही, मंच नाही, वेळ मात्र भरपूर लागतो. काही मुलं पुष्कळ मोकळी होतात. काही जन्मभर अडखळतात आणि जन्मभर बोलतात. एवढंच देता येतं.

आगाय, बसा. तुम्हाला उत्तराचं भाषण आहे, पत्रिकेत छापलंय. तुम्ही मला चेहऱ्यावरून बोललात, मी तुम्हाला कामावरून बोलले. हिशेब अजून तुमच्याच बाजूनं झुकलेला आहे.

आणि तिकडे तो हात कोणी वर केलाय? … छातीवर निळी फीत, केसांत पांढरी रिबन. हो, तू. उभं राहायची गरज नाही, बाळा. मी तुला 'बोल' म्हणणार नाही. नाही बोललीस तरी चालेल. … नाही, तुला काही सांगायचं असेल तर आम्ही थांबलो आहोत. सावकाश. …

अध्यक्षमहाराज, ती घंटा खाली ठेवा. तिचं वाक्य चाललंय.

… ऐकलं मी. सगळं ऐकलं, पूर्ण ऐकलं. मागे ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगते. ती विचारते आहे, 'मी बोलले तर आईला कोणी रागावणार नाही ना?'

नाही, बाळा. तुझ्या आईला कोणी रागावणार नाही. ती बघ, तुझी आई उठली. तुझा कोट तिच्याच हातात आहे.

सभागृहानं मला दिलेल्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. राजधानीच्या पाहुण्यांना घाटातून परतताना रस्ता मोकळा मिळो. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर तुम्ही सगळ्यांनी पोटात घाला. शार्शेनबेक आगाय, तुम्ही नाही घातलंत तरी चालेल.

मधल्या वाटेतल्या खुर्च्या जरा बाजूला घ्या. आणखी दोघी उठल्यात, मुलांना जायला जागा हवी.

धन्यवाद.